जमनीची दोन गाणी

१

"मॅडम, आजीचा आवाज गेला."

शाम राठोड हे इतक्या हळू म्हणाला की गझाला मॅडमना आधी वाटलं, स्पीकरची वायर निघाली असेल. त्या खडू ठेवून त्याच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

गझाला शेख दिग्रसच्या कॉलेजात बी.सी.ए.च्या शेवटच्या वर्षाला डेटाबेस शिकवायच्या. पुस्तकातली कर्मचारी-पगार-विभाग ही उदाहरणं त्यांना मनापासून कंटाळवाणी वाटायची. त्या मुलांचे गट करायच्या आणि त्यांना गावात सोडायच्या. काही तरी गोळा करून आणा, त्याचे तक्ते बांधा आणि मागेल त्याला मागेल ते शोधून दाखवा. एका गटानं एसटीच्या गाड्यांचं केलं होतं, एकानं जिनिंगच्या यंत्रांच्या सुट्या भागांचं. शामच्या गटानं त्याच्या तांड्यावरच्या म्हाताऱ्या बायांची गाणी आणली होती. गोरबोलीतली, म्हणजे बंजारा बोलीतली, जुनी गाणी, बायांच्याच आवाजात. गायिकेचं नाव टाका नाही तर एखादा कीवर्ड टाका, गाणं समोर यायचं.

त्यात सगळ्यात गोड गळा शामच्या आजीचा होता, जमनीचा. ध्वनिमुद्रण झालं आणि थोड्याच दिवसांत ती वारली. उद्या कॉलेजात या प्रकल्पाचा जाहीर कार्यक्रम होता. तांड्यावरची माणसं जीप भरून येणार होती, आणि सुरुवात जमनीच्या गाण्यानं व्हायची होती.

"पाहा ना," शाम म्हणाला. त्यानं आजीचं नाव टाकलं. होळीची गाणी आली, लग्नाची आली. पण उद्या वाजवायचं ते गाणं आलं नाही. त्याच्या जोडीचा एक पाळणाही आला नाही.

"फोनमध्ये असेल ना?"

"मोबाइल भरला होता मॅडम," मेहनाज म्हणाली. ध्वनिमुद्रण तिच्याच फोनवर झालं होतं. "इथं चढवलं अन् फोनमधून काढून टाकलं सगळं."

शामनं खुर्ची मागे ढकलली. पलीकडच्या मशीनवर बसलेल्या, गटातल्याच अब्रारकडे तो बघत राहिला.

"तूच म्हणत होता ना बे," तो म्हणाला, "तुह्या आजीच्या रडण्यानं मार्क नाई भेटत म्हणून?"

२

शेवटचा बदल अब्रारच्या नावानं झाला होता, हे मशीननंच सांगितलं. काल दुपारी, प्रयोगशाळा उघडी असताना, त्याच्या लॉगिनमधून कोणी तरी गाण्यांच्या तक्त्यात शिरलं होतं.

बातमी प्राचार्यांपर्यंत जायला वेळ लागला नाही. त्यांनी गझाला मॅडमना बोलावून घेतलं.

"पोराला उद्यापुरतं गटातून काढा. चौकशी मागाहून करू."

"सर, लॉगिन त्याचं आहे, पण ते दिवसभर उघडं असतं. चौघंही त्यातूनच काम करतात. मी शंभरदा सांगितलं की आपापल्या नावानं शिरा, ऐकत नाहीत."

"भांडण झालं होतं की नाही?"

"झालं होतं."

"तांड्यावरची माणसं येणार आहेत. त्यांच्या म्हातारीचा आवाज आपल्या कॉलेजात पुसला गेला. आणि तुम्ही अब्रारची बाजू घेताय, हे दिसलं तर लोक काय म्हणतील, ते मी तुम्हाला सांगायला नको."

सांगायला खरंच नको होतं. गझाला मॅडमचं माहेर आणि अब्रारच्या वडिलांचं, सरदारभाईंचं गॅरेज एकाच गल्लीत होतं. त्या बाहेर आल्या. पोरगा निर्दोष आहे असं त्यांना वाटत होतं का? प्रामाणिकपणे सांगायचं तर वाटत नव्हतं. अब्रार तापट होता. शोधायची सगळी यंत्रणा त्यानं बांधली होती आणि कार्यक्रमात तिला शेवटची पाच मिनिटं ठेवली म्हणून तो चिडला होता. रागाच्या भरात पोरं काय वाटेल ते करतात.

प्रयोगशाळा रिकामी होती. त्यांनी मुलांचा प्रकल्प उघडला. पहिल्याच पानावर वरच्या कोपऱ्यात एकूण गाण्यांचा आकडा होता. मेहनाजनं तो हौसेनं मोठ्या अक्षरांत टाकला होता. परवा त्यांनी तो पाहून तिला शाबासकी दिली होती.

तो आकडा परवा होता तेवढाच होता.

मॅडम ताठ झाल्या. दोन गाणी पुसली, तर आकडा दोनानं उतरायला हवा होता. त्यांनी शोधाची पट्टी बाजूला ठेवली आणि पूर्ण तक्ता उघडून एकेक ओळ बघत खाली गेल्या. अगदी मधोमध दोन ओळी सापडल्या, ज्यांच्यात गायिकेचं नाव नव्हतं आणि कीवर्डही नव्हता. नाव नाही, खूण नाही, मग शोध तिथपर्यंत पोचणारच कसा?

त्यांनी हेडफोन लावला आणि पहिली ओळ वाजवली.

जमनी गात होती.

३

ही गोष्ट त्यांनी कोणालाच सांगितली नाही. गाणी गेली असंच सगळ्यांना वाटू द्यायचं ठरवलं, कारण आता प्रश्न बदलला होता. चिडलेला माणूस पुसून टाकतो. या माणसानं पुसलं नव्हतं. त्यानं दार लोटून घेतलं होतं, तेही नासधूस न करता. त्याला जमनीचा आवाज मारायचा नव्हता. तो फक्त उद्या कोणाला सापडू द्यायचा नव्हता.

त्यांनी चौघांना एकेकटं बोलावलं. आधी अब्रार.

"मी डिलीट नाई केलं मॅडम." तो उभाच राहिला. "भांडलो, हे कबूल. बोललो तेही चुकलं. पण शामच्या आजीनं मले जेवू घातलंय."

"मग कोणी केलं?"

"मले काय माहीत? तुमी कॉलेजच्या सर्व्हरचा बॅकअप मागवा ना. असंन तर सापडन." डोळे पुसायचे नव्हते म्हणून तो खिडकीकडे बघू लागला. "आमच्या अब्बाले सांगू नका. शामचा बाप त्यायच्या गॅरेजवर ट्रॅक्टर घेऊन येते."

"या दोन गाण्यांचे कीवर्ड कोणी टाकले होते?"

"मीच. आजीच्या सगळ्याच गाण्यायचे. शाम तिच्या आजारपणात गुंतला होता. मले गोरबोली समजत नाई, म्हणून चाल ऐकून अंदाजानं टाकले. रडत असन तर 'मृत्यू', थापटल्यासारखी चाल असन तर 'पाळणा'. शाम मागून तपासणार होता, पण राहूनच गेलं."

मेहनाज आली तीच रडत. "माझ्याच फोनमध्ये राहू दिलं असतं तर! आता डिलीट झालं ते कुठून आणायचं?"

"ही दोन गाणी कोणी रेकॉर्ड केली?"

"मी आणि रंजितानं. आजीनं पोरांना बाहेर काढलं होतं. म्हणाली, तुमी बाजेवर बसा, बायांचं काम आहे. ती गायली तेव्हा मला शब्द कळत नव्हता, तरी भरून आलं. मी फोन बंद केल्यावर ती बराच वेळ काही तरी बोलत बसली. रंजिताचा हात धरून."

"काय बोलली?"

"मी रंजिताला विचारलं. ती म्हणाली, कळलं नाही, चहा घेऊन जा म्हणत असेल."

४

रंजिता पवार गटातली सगळ्यात शांत मुलगी. तक्त्यांची सगळी आखणी तिची होती, आणि ती इतकी नेटकी होती की मॅडम दुसऱ्या वर्गात ती दाखवायच्या. नेरची होती, हॉस्टेलात मेहनाजच्या खोलीत राहायची. वर्गात सगळे मले-तुले बोलायचे. रंजिताचं मराठी मात्र बातम्या वाचल्यासारखं.

"तुला कोणावर संशय आहे?"

"नाही मॅडम."

"अब्रारवर?"

"अब्रार असं करणार नाही." ती पटकन म्हणाली. मग ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "मला वाटतं, ज्याने कुणी ती गाणी लपवली असतील, त्याचं काही तरी कारण असेल. वाईटच असेल असं नाही. मॅडम, अब्रारला खरंच काढणार का?"

"उद्या सकाळी. प्राचार्यांचं तसंच म्हणणं आहे."

जाताना ती दारात अडखळली.

शेवटी शाम. त्याला मॅडमनी समोर बसवलं.

"त्या दोन गाण्यांत काय होतं, तू ऐकलं होतंस?"

"हो. एकडाव ऐकलं होतं, आजी गेल्यावर." तो टेबलाकडे बघत बोलत होता. "माह्या बाबाले एक बहीण होती, रुक्मा. लहानपणीच तापानं गेली. आजीनं तिच्यावर स्वतः गाणं बांधलं होतं. घरात आमाले कोणालेच माहीत नव्हतं. इतकं चांगलं गाणं, म्हणून म्हटलं सुरुवात त्यानंच करू."

"आणि पाळणा?"

"तो पाळणा नाई मॅडम. अब्रारले समजलं नाई. तेही रुक्माचंच आहे. मेलेल्या लेकराले निजवते ती त्याच्यात."

मॅडमनी नकळत हातातलं पेन खाली ठेवलं.

"आजी लय गमतीची होती," शाम बोलतच होता. "पह्यल्या दिवशी आमी गेलो, तर अब्रारच्या केसांकडं पाहून गोरबोलीत म्हणे, या पोराच्या डोक्यावर कोंबडी बसली का काय! रंजिता पाणी पेत होती, तिले असा ठसका लागला. मग मी मराठीत सांगतलं तवा अब्रार अन् मेहनाज हसले. अब्रार तर स्वतःवरच हसला. तोच माणूस असं करन, मले खरं वाटत नाई. पण मग कोण?"

तो गेल्यावर मॅडमनी पुन्हा तक्ता उघडला. जमनीच्या बाकीच्या गाण्यांतल्या एकापुढे अब्रारनं 'मृत्यू' लिहिलं होतं. तो ढावलो होता. सासरी जाताना नवरी गळ्यात पडून रडते ते गाणं. ते जागच्या जागी होतं. मरणाची गाणी नकोत म्हणून कोणी कीवर्ड बघून हात फिरवला असता, तर हा ढावलो गेला असता आणि 'पाळणा' राहिला असता. इथं उलट झालं होतं. ज्यानं गाणी लपवली, त्यानं कीवर्ड वाचले नव्हते. त्यानं शब्द ऐकले होते, आणि ते त्याला कळले होते.

अब्रारला गोरबोली येत नव्हती. मेहनाजला येत नव्हती. चौघांत ती येत होती ती एकट्या शामला.

५

मॅडमना ते पटेना, पण दुसरी वाट दिसत नव्हती. स्वतःच्या आजीचं गाणं लपवायचं आणि ज्याच्याशी भांडण झालं त्याच्या नावावर ढकलायचं? शाम एवढा खोल असेल? बोलताना तो नजरेला नजर देत नव्हता, हे त्यांना आता आठवलं.

त्या त्याला शोधायला बाहेर आल्या, तर व्हरांड्यात गर्दी होती. शामचे वडील रूपसिंग आले होते. उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस. उद्यापर्यंत धीर निघाला नाही म्हणून आजच आईचा आवाज ऐकायला आलेला. त्यांना कोणी तरी बातमी आधीच सांगितली होती.

"सरदारभाईचा पोरगा असं करन, मले वाटलं नोतं," ते अब्रारला म्हणत होते. आवाज चढलेला नव्हता, आणि त्यामुळेच तो जास्त लागत होता. "माही माय तुह्या काय आड आली होती रे?"

अब्रार भिंतीला टेकून उभा होता. मेहनाजनं तोंडावर ओढणी धरली होती. शाम बापाचा हात धरून मागे ओढत होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मॅडमनी त्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. त्यावर दुःख होतं. काही लपवतोय असं कुठे दिसेना.

मग त्यांची नजर रंजिताकडे गेली. ती सगळ्यांच्या मागे, जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी होती.

पाण्याचा ठसका! जमनी गोरबोलीत बोलली आणि रंजिताला ठसका लागला. शामनं मराठीत सांगितल्यावर बाकीचे हसले. *मग*.

"रूपसिंगभाऊ," मॅडम म्हणाल्या, "आत या. तुम्ही चौघंही या. आणि दार लावून घ्या."

६

सगळे बसले. रूपसिंग मात्र उभे राहिले.

"पहिली गोष्ट," मॅडम म्हणाल्या, "गाणी पुसलेली नाहीत. ती इथंच आहेत."

शामनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मेहनाज "या अल्लाह" म्हणाली. अब्रार एकटा हललाही नाही.

"दोन्ही गाण्यांवरचं नाव आणि कीवर्ड काढून टाकलेत, म्हणून शोधात येत नाहीत. आज दिवसभर तुम्ही सगळे 'डिलीट झालं, गेलं' म्हणत होतात. अब्रारनं बॅकअप मागितला, मेहनाजनं फोन आठवला. एकीनंच मला म्हटलं, 'ज्याने कुणी लपवली असतील.' गाणी लपवली आहेत, हे मी तोवर कोणालाही सांगितलं नव्हतं."

कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

"कीवर्ड चुकीचे होते, तरी नेमकी रुक्माचीच दोन गाणी निवडली गेली. म्हणजे हे करणाऱ्याला गोरबोली येते. मला वाटलं शाम. पण शामनंच हे गाणं कार्यक्रमाला निवडलं होतं. लपवायचं असतं तर निवडायचंच नव्हतं. मग आणखी कोणाला कळते? आजीच्या विनोदावर मराठी अर्थ यायच्या आधी कोण हसलं? आणि आजी गाणं झाल्यावर कोणाचा हात धरून बोलत बसली? म्हातारी माणसं न समजणाऱ्याशी इतका वेळ बोलत नाहीत. तिनं तुला ओळखलं होतं, रंजिता."

"पण रंजिता तर नेरची..." मेहनाज म्हणाली.

"नेरजवळची," रंजिता म्हणाली. "चिंचतांड्याची. पवार आमच्यातही असतात. शाळेत मी बोलले की मुलं माझी नक्कल करायची. बाई सुद्धा हसायच्या. इथं आले तेव्हा ठरवलं, कोणाला कळूच द्यायचं नाही."

"अन् आमच्या आजीनं कसं ओळखलं?" शामनं विचारलं.

"मी ताट कसं उचललं त्यावरून, म्हणाली, तांड्यातल्याच पोरी तसं उचलतात. हसली आणि म्हणाली, लपव, मी नाही सांगत कोणाला." रंजिता आता रडत होती. "मग गाणं झाल्यावर माझा हात धरला. म्हणाली, ही दोन माझ्या रुक्माची आहेत. आजवर रानात एकटी असताना म्हटली. तुम्ही पोरींनी मागितली म्हणून गळ्यातून निघाली. पण लोकांपुढे वाजवू नका. लोक टाळ्या वाजवतील, आणि मला ते सोसणार नाही. मी हो म्हटलं. याडी, म्हणजे आई, नाही वाजवणार, असं म्हटलं."

"मग सांगायचं ना!" शाम ओरडला.

"सांगितलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, तुला कसं कळलं. तेवढ्यासाठी गप्प राहिले. वाटलं, शोधात नाही आलं तर तुम्ही दुसरं गाणं घ्याल. अब्रारचं लॉगिन उघडं होतं, म्हणून त्यातून केलं. त्याच्यावर येईल हे मनातही आलं नव्हतं."

"आलं तवा?" अब्रार पहिल्यांदा बोलला. "सकाळपासून आलंच होतं ना माह्यावर. तवा काहून नाई बोलली?"

मॅडमनी तिला सोडवलं नाही. "तू जमनीबाईंना दिलेला शब्द पाळलास," त्या म्हणाल्या, "आणि त्याची किंमत याला मोजायला लावलीस. प्राचार्यांकडे तू जाशील. मी सोबत येईन, पण बोलायचं तू."

७

रूपसिंग अजून उभेच होते. ते अब्रारजवळ गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "चुकलो बेटा. चारचौघांत बोललो, चारचौघांतच माफी मागीन." मग रंजिताकडे वळले. "लोकाईपुढं नाई, म्हणे माय?"

तिनं मान हलवली.

"मी काय लोक हाव?"

रंजितानं डोळे पुसले, उठली आणि स्वतः मशीनपाशी जाऊन ती ओळ उघडली. हेडफोन त्यांच्या हातात दिला. सगळे बाहेर गेले.

काचेतून रूपसिंगांची पाठ दिसत होती. एवढा मोठा माणूस पोरांच्या छोट्या खुर्चीत बसला होता. पहिलं गाणं ऐकताना ते हलले नाहीत. दुसऱ्याला त्यांचा उजवा हात मांडीवर आपोआप थापटू लागला, लेकराला निजवताना थापटतात तसा. बाहेर अब्रारनं शामच्या हातात पाण्याची बाटली दिली. शामनं ती घेतली.

रूपसिंग बाहेर आले ते थेट रंजितापाशी. "तारो तांडो कुणसो, बेटी? बापेर नाम?" त्यांनी विचारलं. तिनं तांड्याचं आणि बापाचं नाव हळूच सांगितलं. ते तिच्याशी गोरबोलीतच बोलत राहिले. मेहनाज बाजूला उभी राहून ऐकत होती. इतकी वर्षं एका खोलीत राहून तिनं रंजिताचा हा आवाज कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम झाला. माईक हातात घेऊन रूपसिंगांनी सगळ्यांसमोर अब्रारची माफी मागितली. मागच्या रांगेत बसलेले सरदारभाई गोंधळून उठून उभे राहिले, कारण त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. सुरुवात ढावल्यानं झाली. ती दोन गाणी कुठे आहेत असं एका पाहुण्यानं विचारलं, तेव्हा शाम म्हणाला, "ती घरची आहेत सर." एवढ्यावर विषय संपला.

अब्रारनं शोध करून दाखवला. समोर बसलेल्या बाया नावं सांगत होत्या आणि तो त्यांना त्यांचीच गाणी काढून देत होता. पण म्हातारी मानीबाई उठून काही तरी विचारू लागली, आणि तिचं बोलणं त्याला कळेना. शाम पाहुण्यांपाशी होता. अब्रारनं इकडेतिकडे पाहिलं. रंजिताशी तो कालपासून एक शब्द बोलला नव्हता. त्यानं माईक उचलला आणि तिच्याकडे न बघता तिच्या पुढ्यात सरकवला.

"सांग," तो म्हणाला. "तुले समजते ना."

रंजितानं माईक घेतला. सगळं सभागृह तिच्याकडे बघत होतं: वर्ग, प्राध्यापक, हॉस्टेलच्या मुली. ती मानीबाईकडे वळली आणि गोरबोलीत बोलू लागली. पहिल्या वाक्याला तिचा आवाज फाटला. दुसऱ्याला सुधारला. मानीबाईनं कानावर हात धरून ऐकलं, मग मोठ्यानं हसून तिला काही तरी उत्तर दिलं, आणि पुढच्या रांगेतल्या साऱ्या बाया एकदम बोलायला लागल्या.